डोंगर उतरून आलेली देवी

मुंबईहून अहमदाबादच्या दिशेने निघालं की चारोटी मागे पडते आणि विवळवेढे गावात महामार्गालगत महालक्ष्मीचं देऊळ लागतं. जवळच मुसळ्या डोंगराचा सुळका उभा आहे. देवीचं मूळ ठाणं त्या सुळक्यावर. मग खाली रस्त्याकाठी देऊळ कसं आलं, असं विचारलं की डहाणू-तलासरी भागात एक कथा ऐकायला मिळते. देवीची एक आदिवासी भक्त नेमाने डोंगर चढून दर्शनाला जायची. तिला दिवस गेले. पोट दिसू लागलं तरी तिने नेम मोडला नाही, आणि एकदा चढणीवर तिला घेरी आली. देवीने तिला सावरलं आणि सांगितलं, आता तू वर येऊ नकोस, मीच पायथ्याशी येते.

चैत्र पौर्णिमेला इथली यात्रा सुरू होते आणि पंधरवडाभर चालते. मध्यरात्री वाघाडी गावचा आदिवासी पुजारी ध्वज घेऊन एकटा डोंगर चढतो. हा ध्वज जव्हारच्या मुकणे राजघराण्याच्या मानाचा. ज्या सुळक्याकडे दिवसाही बघून छाती दडपते, तिथे तो अंधारात जातो, ध्वज लावतो आणि पहाटे परततो. खाली हजारो लोक वाट बघत असतात. शेतकरी, मच्छीमार, वारली, कोकणा, धोडी, गुजरातेतून आलेले नवसकरी, सगळे.

या कथेतली देवी मला फार मोलाची वाटते. भक्ताने वर चढावं आणि देवाने वर बसून राहावं, अशा कथा आपल्याकडे पुष्कळ आहेत. इथे देवी खाली येते, आणि तीही कुणा तपस्व्यासाठी नव्हे, अवघडलेल्या बाईसाठी. या प्रकरणाचा विषय तोच आहे. माणसाची आध्यात्मिक जाणीव खोल होत जाते म्हणजे ती रोजच्या वागण्यात उतरते का? राग, भीती, दुःख, मत्सर या चार ठिकाणी ती उतरलेली दिसत नसेल, तर ती वर सुळक्यावरच राहिली, असं मी म्हणेन.

अध्यात्म म्हणजे काय यावर ग्रंथांचे ढीग आहेत. इथे मी साधा अर्थ धरला आहे: आपल्याहून मोठं काही आहे आणि त्याच्याशी आपलं नातं आहे, ही जाणीव. वारकऱ्याला ते नातं विठ्ठलाशी वाटतं. इगतपुरीला दहा दिवस मौनात बसणारा साधक ते आपल्या श्वासातून शोधतो. तलासरीत दर दहा माणसांत नऊ आदिवासी आहेत, त्यातले बहुसंख्य वारली. वारल्यांसाठी ते नातं धरतरीशी, कणसरी या धान्यदेवीशी, पाऊस देणाऱ्या नारनदेवाशी, हिरवा देवाशी, वाघाशी आणि घरातल्या मेलेल्या माणसांशी असतं. नवं भात देवाला आणि पूर्वजांना दाखवल्याशिवाय तोंडात घालायचं नाही, हा नेम घराघरात आहे. समोर ताजं अन्न आहे, वर्षाच्या त्या दिवसांत पोटात भूकही आहे, आणि तरी हात थांबतो. ध्यानधारणेच्या पुस्तकांत ज्याला संयम म्हणतात तो इथे लहान मूल स्वयंपाकघरातच शिकतं.

मोठी जाणीव आणि लहान वागणूक यांत फट पडते, हे आपल्या परंपरेने कधी लपवलं नाही. लोकांच्या बोलण्याने दुखावलेले ज्ञानेश्वर पर्णकुटीचं दार लावून बसले आणि वयाने लहान असलेल्या मुक्ताबाईने त्यांना दार उघडण्यासाठी विनवलं, त्यातून ताटीचे अभंग आले असं परंपरा मानते. ज्ञानेश्वरांनाही रुसवा आला, हे सांगायला वारकऱ्यांना संकोच वाटला नाही. भावना येणारच. दार किती वेळ बंद राहतं आणि कुणाच्या हाकेने उघडतं, ते महत्त्वाचं.

अलीकडच्या संशोधनाने या फटीवर जास्त प्रकाश टाकला आहे. जर्मनीतल्या योखेन गेबाउअर आणि सहकाऱ्यांचा अभ्यास २०१८ मध्ये प्रसिद्ध झाला. योग आणि ध्यान करणाऱ्यांचा अहंकार साधनेनंतर उतरलेला असेल अशी अपेक्षा; प्रत्यक्षात त्यांचं स्वतःबद्दलचं मत साधनेनंतर थोडं अधिकच फुगलेलं आढळलं. २०२१ मध्ये नेदरलँड्समधल्या रोस व्होंक यांनी ‘मी इतरांपेक्षा अधिक जागृत आहे’ ही भावना मोजण्याचा प्रयत्न केला. तेजोवलय वाचण्यासारखे अतींद्रिय शक्तींचे वर्ग करणाऱ्यांत ती विशेष बळकट निघाली. अमेरिकन मानसोपचारतज्ज्ञ जॉन वेलवुड यांनी १९८०च्या दशकातच बजावलं होतं की, न भरलेल्या जखमा टाळण्यासाठी माणसं अध्यात्माचा आडोसा घेतात. नवऱ्याशी बोलायचं टाळण्यासाठी पारायण, बापावरचा राग गिळण्यासाठी मौन. आपल्या ओळखीत अशी माणसं आहेत. अनेकदा आपण स्वतःच त्यांतले असतो.

म्हणून जाणीव आणि वागणूक यांचा संबंध तपासायला मी आश्रमाऐवजी डहाणू-तलासरीचे पाडे निवडले. इथे अध्यात्म शिकवण्याचे वर्ग नाहीत. ते शेतात, गोठ्यात, लग्नात आणि मयतीत आहे, त्यामुळे त्याचं वागण्याशी काय होतं ते उघड्यावर दिसतं. त्यातलं चांगलं आणि वाईटही.

पहिल्यांदा भीती.

आश्विन वद्य द्वादशीला उरलेला महाराष्ट्र वसुबारस करतो, गाय-वासराची पूजा करतो. त्याच तिथीला वारल्यांची वाघबारस असते आणि पूजा वाघाची होते. गावाच्या शिवेवर वाघदेवाचं ठाणं असतं. कुठे दगड, कुठे लाकडी फळी. फळीवर वाघ कोरलेला, वर सूर्य आणि चंद्र, सगळ्यावर शेंदराचे थर. वर्षानुवर्षांच्या शेंदराने कोरीव रेघा इतक्या बुजतात की वाघ डोळ्यांपेक्षा बोटांना आधी कळतो. पुढे नारळाच्या करवंट्या, वाळलेली फुलं. गावातून शिधा गोळा होतो, कोंबडं कापतात, तिथेच शिजवून सगळे जेवतात. गुराख्यांचा या सणात मोठा वाटा असतो, आणि ते साहजिक आहे. वर्षभर रानात गुरांमागे तेच असतात.

कथेचं सार असं: वाघ आणि गाव यांच्यात करार झाला आहे. गावाने वर्षातून एकदा त्याचा मान द्यायचा, वाघाने गावाला सांभाळायचं. वाइल्डलाइफ कन्झर्व्हेशन सोसायटीच्या भारतातल्या शाखेशी संबंधित रम्या नायर आणि सहकाऱ्यांनी मुंबई उपनगर, ठाणे आणि पालघर या जिल्ह्यांत फिरून वाघोबाची दीडशे ठाणी नोंदवली. त्यांचा निबंध २०२१ मध्ये आला. पट्टेरी वाघ या भागातून गेला, बिबट्या मात्र आहे, शेळ्या-कोंबड्यांचं नुकसानही होतं. संशोधकांच्या मते हे सहजीवन गोडगुलाबी नाही. ते वाटाघाटीचं आहे. त्यात धाकही आहे आणि नातंही.

भावनांच्या दृष्टीने इथे काय घडतं? मानसशास्त्रज्ञ जेम्स ग्रॉस यांनी १९९८ पासून विकसित केलेली एक मांडणी उपयोगी पडते. भावना आवरण्याच्या अनेक तऱ्हा आहेत. त्यातल्या दोन फार वेगळ्या. एकीत भावना उसळल्यावर आपण ती दाबतो: चेहरा कोरा ठेवतो, पण आतलं शरीर धडधडतच राहतं आणि समोरच्यालाही ताण जाणवतो. दुसरीत भावना भडकण्याआधीच आपण प्रसंगाकडे वेगळ्या नजरेने बघतो. वाघ हा वैरी मानला तर भीतीला दोनच वाटा उरतात, पळायचं नाहीतर मारायचं. वाघ हा मान मागणारा शेजारी मानला की तिसरी वाट निघते. सावध राहायचं, अंधारात एकट्याने रानात जायचं नाही, गोठा बंद ठेवायचा आणि तरी झोपायचं. भीती पूर्ण जात नाही. ती जाऊही नये. बिबट्याच्या रानात निर्भय माणूस म्हणजे मूर्ख माणूस. तिला ठाव मिळतो, शिवेवरचा. उरलेल्या घरात ती भरून राहत नाही.

शहरातल्या माणसाला हे किती जमतं, ते त्याने स्वतःला विचारून पाहावं. नोकरी जाईल, आजार निघेल, मूल मागे पडेल, अशा भीत्या आपण दिवसभर सगळ्या खोल्यांतून फिरवतो. त्यांच्यासाठी आपण एक दिवस, एक जागा आणि एक करार ठरवलेला नसतो.

आता दुःख. इथे एका माणसाची गोष्ट सविस्तर सांगायला हवी.

जिव्या सोमा म्हसे १९३४ साली तलासरी तालुक्यातल्या धामणगावात जन्मले. सात वर्षांचे असताना आई गेली. त्या धक्क्याने मुलाचं बोलणं थांबलं. काही वर्षं तो धुळीत चित्रं काढून लोकांशी बोलायचा. पुढे ते डहाणू तालुक्यात, गंजाडच्या कळंबीपाड्यावर राहायला आले आणि तिथेच आयुष्य गेलं.

त्या मुलाच्या आजूबाजूला चित्र म्हणजे काय होतं, ते समजून घेतलं पाहिजे. वारली चित्र शोभेचं नव्हतं, आणि ते पुरुषाचंही नव्हतं. लग्नघरात सवासिनी बायका शेणा-गेरूने सारवलेल्या भिंतीवर लग्नचौक लिहायच्या. तांदळाचं पीठ पाण्यात कालवून, बांबूच्या काडीचं टोक चावून कुंचला करून. आधी चौकट, तिच्या कडेला नक्षीच्या ओळी, मध्ये पालघट देवी, भोवती झाडं, वर सूर्य-चंद्र, फणी, शिडी. शेजारी लहान चौकात पाचशिऱ्या देव. चौक पुरा होत असताना धवलेरी गाणी म्हणून देवांना बोलावते. धवलेरी ही लग्न लावणारी बाई, बहुधा वयस्क. ज्या समाजात लग्न बाई लावते आणि देवाला भिंतीवर बाई आणते, त्या समाजात आई गेलेल्या मुलाने बायकांची ती लिपी उचलली, याला मी नुसता योगायोग मानत नाही.

सत्तरच्या दशकाच्या सुरुवातीला चित्रकार भास्कर कुलकर्णी या भागात आले, त्यांनी बायकांच्या हाती कागद दिले आणि त्यांना जिव्याही भेटले. लग्नापुरतं असलेलं चित्र जिव्या रोज काढू लागले. १९७६ मध्ये त्यांना राष्ट्रीय पुरस्कार मिळाला. १९८९ मध्ये पॅरिसच्या पाँपिदू केंद्रातल्या ‘पृथ्वीचे जादूगार’ या गाजलेल्या प्रदर्शनात त्यांचं काम होतं. २००९ मध्ये नेदरलँड्सचा प्रिन्स क्लाऊस पुरस्कार आणि २०११ मध्ये पद्मश्री. १५ मे २०१८ रोजी ते गेले.

पुरस्कारांची यादी सोडून त्यांचं एखादं चित्र जवळ घेऊन बघा. मासेमारीच्या चित्रात जाळं कागदभर पसरलेलं असतं, बारीक बारीक रेघांचं. नीट पाहिलं तर एकही रेघ दुसरीसारखी नाही. प्रत्येक जरा कमी-जास्त, जरा कललेली, त्यामुळे सबंध जाळं हलतं. मुंग्या, पक्षी, माणसं, भाताची रोपं सगळी चाललेली. थांबलेलं काही नाही. ज्या मुलाचा आवाज मरणाने बंद झाला त्याने आयुष्यभर हालचाल काढली.

दुःख दाबणं आणि दुःखाला रूप देणं, यात फार अंतर आहे. अमेरिकेत मॅथ्यू लीबरमन यांनी २००७ मध्ये मेंदूच्या प्रतिमा घेऊन दाखवलं की, समोरच्या भावनेला शब्द दिला की मेंदूतल्या अमिग्डालाची, म्हणजे धोक्याची घंटा वाजवणाऱ्या भागाची, खळबळ कमी होते. जेम्स पेनेबेकर यांनी १९८०च्या दशकापासून मनातल्या जखमांबद्दल लिहिण्याचे परिणाम अभ्यासले. जिव्यांजवळ तेव्हा शब्दच नव्हते. त्यांना रेघ सापडली, आणि ती रेघ त्यांची एकट्याची नव्हती. तिच्यात पालघट होती, कणसरी होती, सगळा समाज होता. माझ्या मते इथेच जाणीव वागण्यात उतरते. आपलं दुःख मोठ्या नात्यात ठेवता आलं की त्याचं विष कमी होतं, आणि माणूस पुन्हा हात चालवू लागतो.

तारपा या फुंकून वाजवायच्या वाद्याबद्दलही हेच म्हणता येईल, थोडक्यात. वाळवलेला दुध्या भोपळा, बांबूच्या नळ्या, ताडाच्या पानांचा कर्णा. तारपकरी मध्ये आणि हातात हात गुंफून बायका-पुरुषांचं वेटोळं त्याच्याभोवती. पावसाळा सरताना, भात तयार होत असताना हा नाच रात्र-रात्र चालतो. नाचणारा तारप्याकडे पाठ करत नाही. २०१५ मध्ये ऑक्सफर्डच्या ब्रॉनविन टार आणि सहकाऱ्यांनी ब्राझीलमधल्या किशोरवयीन मुलामुलींवर प्रयोग केला: एका तालात नाचल्यावर त्यांची वेदना सोसण्याची क्षमता वाढली आणि सोबत्यांबद्दलची जवळीकही. सकाळी ज्याच्याशी बांधावरून भांडण झालं त्याच्या हातात हात देऊन रात्री एका पावलाने फिरावं लागणं, हे भांडण मिटवण्याचं मोठं साधन आहे. माफी मागायला शब्द शोधत बसावं लागत नाही.

इथवर वाचून कुणाला वाटेल की पाड्यावरचं जीवन म्हणजे शांततेचं नंदनवन. तसं लिहिणं म्हणजे तिथल्या माणसांवर, विशेषतः बायकांवर, अन्याय होईल.

आजारपण आलं, गुरं मेली, मूल सारखं रडू लागलं की भगताकडे जातात. भगत दाणे बघतो आणि कारण सांगतो. कधी देव कोपलेला असतो, कधी पूर्वजाचं काही करायचं राहिलेलं असतं. घरच्यांच्या अस्पष्ट काळजीला नाव मिळतं, करायला काही काम मिळतं, चार माणसं गोळा होतात. मानववंशशास्त्रज्ञ क्लोद लेव्ही-स्ट्रॉस यांनी १९४९ मध्ये पनामातल्या कुना लोकांच्या प्रसूतीगीताबद्दल लिहिताना हेच दाखवलं होतं: न कळणाऱ्या वेदनेला कथेत जागा मिळाली की ती सोसता येते. भगताची ही बाजू मी मान्य करतो. पण नाव देण्याच्या त्याच क्षणी दुसरीकडेही बोट जाऊ शकतं. देवाऐवजी शेजारणीकडे. ती भुताळी आहे, तिने केलं. मग एखादी विधवा, एकटी राहणारी, जमिनीचा तुकडा नावावर असलेली बाई गावाच्या रोषाला बळी पडते. आदिवासी महाराष्ट्रात अशा बायकांना मारहाण झाली आहे, गाव सोडावं लागलं आहे, जीव गेले आहेत. २०१३च्या जादूटोणाविरोधी कायद्याने एखाद्याला असं ठरवून छळणं हा गुन्हा केला आहे.

दोन्ही वेळा दाणे तेच, भगत तोच, श्रद्धेची उत्कटताही तीच. फरक पडतो तो पुढच्या पावलात. ‘आपलं काही चुकलं, आपण काही देणं लागतो’ असं म्हटलं की माणूस नवस फेडतो, पूर्वजांचं करतो, नरमतो. ‘तिचं चुकलं’ असं म्हटलं की मत्सराला देवाचा शिक्का मिळतो. अंगात येणं, दृष्टांत, समाधी, कुंडलिनी, काहीही असो. विल्यम जेम्स यांनी १९०२ मध्ये धार्मिक अनुभवांवर मोठा ग्रंथ लिहिला तेव्हा हीच कसोटी लावली होती: अनुभव कुठून आला ते सोडा, त्याला फळं कोणती लागली ते बघा.

भीतीचं पुढचं पाऊलही असंच चुकू शकतं. १६ एप्रिल २०२०च्या रात्री डहाणू तालुक्यातल्या गडचिंचले गावाजवळ जमावाने दोन साधू आणि त्यांच्या वाहनचालकाला ठार मारलं. टाळेबंदीचे दिवस होते. मुलं पळवणारे, शरीराचे अवयव काढणारे लोक रात्री फिरत आहेत, अशा अफवा गावोगाव पसरल्या होत्या. या घटनेवर राजकारण पुष्कळ झालं. आपल्या विषयाला धरून एवढंच लिहितो की, वाघाच्या भीतीसाठी पिढ्यांनी शीव आखली होती, ठाणं होतं, सण होता. फोनवरून आलेल्या भीतीसाठी असं काही नव्हतं. तिला थांबवणारी जागा नसल्याने ती थेट हातात उतरली. तीन निरपराध माणसं गेली. असं फक्त डहाणूत घडतं असंही नाही. २०१८ मध्ये धुळे जिल्ह्यातल्या राईनपाड्यात अशाच अफवेवरून पाच भटक्या गोसाव्यांना मारलं गेलं.

भीतीचं आणखी एक रूप या मातीने पाहिलं आहे आणि तिथे तिचा पराभवही झाला. १९४५ पूर्वी वारली जमीनदाराची वेठ करत. लग्नासाठी घेतलेल्या कर्जापोटी नवरा-बायको दोघं ‘लग्नगडी’ म्हणून सावकाराच्या दारात राबत, कधी आयुष्यभर. मे १९४५ मध्ये झरी गावी हजारो वारली जमले आणि वेठ करायची नाही असं ठरलं. १० ऑक्टोबर १९४५ रोजी तलवाड्याला पोलिसांच्या गोळीबारात जेठ्या गांगडसह पाच जण हुतात्मा झाले. लढा मोडला नाही. गोदावरी परुळेकरांनी या काळावर लिहिलेल्या ‘जेव्हा माणूस जागा होतो’ या पुस्तकाला पुढे साहित्य अकादमीचा पुरस्कार मिळाला. त्या पुस्तकाचं मोठेपण मला यात दिसतं की, त्यात मागण्यांइतकंच माणसांचं वागणं टिपलं आहे: मालक दिसला की थरथरणारा, मान वर न करणारा माणूस हळूहळू ताठ उभा राहतो, समोर बघून बोलतो.

गोदुताई कम्युनिस्ट होत्या. याला अध्यात्म म्हटलेलं त्यांना पटलं नसतं, आणि त्यांच्यावर तो शब्द लादण्याचा मला अधिकार नाही. तरी ‘मीही माणूस आहे’ ही जाणीव ज्याला पहिल्यांदा होते त्याच्या शरीरात जो बदल होतो, तो साधकाच्या बदलाहून वेगळा नाही. श्वास बदलतो, नजर बदलते, भीतीचा हुकूम चालेनासा होतो. वेठ करणार नाही असं सर्वांनी मिळून ठरवलं, म्हणून ते एकेकट्याला पाळता आलं. आपल्याकडे साधनेचं वर्णन करताना संगतीचा महिमा सांगतात तो यासाठीच. एकट्याची जाणीव संध्याकाळपर्यंत टिकत नाही.

डहाणू तालुक्यात अशा संगतीचं आणखी एक ठिकाण आहे, कोसबाडची टेकडी. ताराबाई मोडक आणि अनुताई वाघ यांनी १९४५ मध्ये बोर्डीला ग्रामबालशिक्षा केंद्राचं काम सुरू केलं आणि १९५७ पासून ते कोसबाडला चाललं. मुलं गुरं राखायला जातात म्हणून शाळेत येत नाहीत, तर शाळाच कुरणात न्यायची, असं त्यांनी केलं. त्यातून कुरणशाळा आल्या. अनुताई लहानपणीच विधवा झाल्या होत्या. त्या काळच्या ब्राह्मण विधवेच्या वाट्याला येणारा कोपरा त्यांनी नाकारला. त्यांच्या शाळेत मुलाला मारायचं नाही हा नियम होता. अंघोळ न केलेलं, भुकेलं, भाषा न समजणारं मूल तिसऱ्यांदा उठून पळालं तरी हात उचलायचा नाही, हे रोज, अनेक वर्षं करणं म्हणजे काय असतं हे ज्याने लहान मुलं सांभाळली आहेत त्याला कळेल. माझ्या लेखी ही साधना कुठल्याही गुहेतल्या साधनेहून कमी नाही, आणि तिची परीक्षा दर दहा मिनिटांनी व्हायची.

मग रोजच्या जगण्यात काय करावं? वर सांगितलेल्या सगळ्या उदाहरणांत एक गोष्ट सामाईक आहे. भावना आणि कृती यांच्यामध्ये थांबायला जागा आहे. नव्या भातापुढे थांबलेला हात, वाघाची शीव, धुळीतली रेघ, कुरणातल्या बाईंचा न उचललेला हात. ध्यान, नामस्मरण, नमाज, उपवास, पारायण, जे काही तुम्ही करता त्याने ती जागा वाढते का, एवढं पाहा. ती स्वतःला विचारून कळत नाही, कारण साधना आपल्याला आपल्याबद्दल बरंच चांगलं वाटायला लावते. घरातल्या सगळ्यात कमी ताकदीच्या माणसाला विचारा: मुलाला, सुनेला, घरकामाला येणाऱ्या बाईंना, म्हाताऱ्या वडिलांना. गेल्या वर्षभरात माझ्याशी बोलताना तुम्हाला कमी भीती वाटते का? उत्तर ऐकताना राग आला तर तोही मोजदादीत धरा.

आणि एक व्यवहाराची गोष्ट. काही दुःखं साधनेने, भगताने किंवा सत्संगाने हलत नाहीत. दोन आठवड्यांहून अधिक काळ झोप नाही, जेवण नाही, कशातच मन नाही, जगू नये असं वाटतं, तर तो आजार असू शकतो आणि त्याला औषध आहे. त्यासाठी देव सोडावा लागत नाही. धामणगावच्या त्या मुक्या झालेल्या मुलाला, जिव्याला, १९४१ मध्ये विचारायला कुणी नव्हतं. आज डहाणूला उपजिल्हा रुग्णालय आहे, तलासरीला ग्रामीण रुग्णालय आहे. केंद्र सरकारची टेलिमानस ही मानसिक आरोग्याची दूरध्वनी सेवा ऑक्टोबर २०२२ पासून दिवसरात्र चालू आहे. क्रमांक १४४१६. तिथे मराठीत बोलता येतं आणि पैसे पडत नाहीत. हा क्रमांक आपल्या फोनमध्ये ठेवा, आणि गावच्या भगताशी, कीर्तनकाराशी, आशाताईंशी ओळख असेल तर त्यांनाही द्या. लोक आधी त्यांच्याकडेच जातात.